प्रोजेक्ट फसलाय, की प्रश्नच फार मोठा घेतला होता?

पत्र थोडक्यात: मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. कॉलेज तालुक्याच्या गावी, कोल्हापूर तास-दीड तासावर. आमच्या चौघांच्या ग्रुपने ‘गॅस सेन्सरसाठी झिंक ऑक्साइडच्या थिन फिल्म्स’ हा प्रोजेक्ट घेतलाय. सिलार पद्धतीने (काचपट्टी आलटून पालटून दोन बीकरमध्ये बुडवत, एक फेरी म्हणजे एक सायकल) काचपट्ट्यांवर २०, ४० आणि ६० सायकलच्या फिल्म्स, म्हणजे पातळ थर, केल्या. फर्नेस (भट्टी) बंद होती म्हणून त्या नुसत्या ओव्हनमध्ये वाळवल्या. पैसे कमी असल्याने एक्सआरडी (एक्स-रे टाकून स्फटिकाची रचना ओळखणं) फक्त ६० सायकलच्या फिल्मचं केलं, त्यात एक पसरट उंचवटा आणि ३४.४ अंशांना एकच बारीक पीक (ग्राफमधलं टोक) आलंय. यूव्हीवरून (कुठल्या वेव्हलेंग्थचा प्रकाश किती शोषला जातो त्या मोजणीवरून) बँड गॅप, म्हणजे प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन वर चढायला लागणारी किमान ऊर्जा, ३.९ ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) येतोय, पुस्तकात ३.३ च्या आसपास आहे. गॅस सेन्सिंगला तर अजून हातही लागला नाही. सबमिशनला पाच आठवडे राहिलेत, सर कामात असतात, ग्रुपमधले दोघं येतच नाहीत. सिनियरने मागच्या वर्षीचा एक्सआरडी आणि यूव्हीचा डेटा पेनड्राइव्हवर दिलाय, थोडा बदलून लाव म्हणतोय, सगळेच करतात म्हणे. ताई, काय करू? आणि एमएस्सीला या प्रोजेक्टचं काही बघतात का?

उत्तर:

आधी त्या पेनड्राइव्हचं बोलूया, कारण खरा घोर तुला त्याचाच लागलाय असं पत्रावरून दिसतंय.

नको लावूस. पकडलं जाण्याची भीती आहेच, आणि ती बारीक नाहीये. मागच्या वर्षीचा रिपोर्ट तुमच्याच डिपार्टमेंटच्या कपाटात आहे आणि एक्सआरडीच्या ग्राफमध्ये पिकांच्या मधे जो खरखरीत भाग असतो ना, नॉइज, तो प्रत्येक मोजमापाचा वेगळा असतो, तेच सँपल त्याच मशीनवर परत लावलं तरी तो तसाच येत नाही. बेल लॅब्समधला यान हेंड्रिक श्योन हा एकेकाळी फिजिक्समधला चमकता तारा होता, एकापाठोपाठ एक पेपर, मोठमोठ्या जर्नल्समध्ये, आणि २००२ मध्ये तो उघडा पडला तो यावरूनच की वेगवेगळ्या प्रयोगांच्या म्हणून दिलेल्या ग्राफमध्ये नॉइजसुद्धा हुबेहूब तोच होता. नोकरी गेली, पुढे २००४ मध्ये विद्यापीठाने पीएचडीही काढून घेतली. तुझं प्रकरण एवढं मोठं नाही हे मला कळतं. पण मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं, की तुझ्या हातात जो डेटा आहे तो फार बोलका आहे आणि तो टाकून तू दुसऱ्याचा मुका डेटा घेणार आहेस. एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने, विचारलं की ही फिल्म किती तापमानाला अ‍ॅनील केली (भट्टीत तापवून हळूहळू थंड केली) होती तर तू काय सांगणार? ती फिल्म तू बघितलेलीच नाही.

आता तू ‘प्रोजेक्ट फसला’ म्हणतेस त्याकडे येते. कशावरून फसला? पुस्तकातल्या आकड्याशी जुळला नाही म्हणून. इथे थोडं थांब. पुस्तकातला ३.३ हा झिंक ऑक्साइडचा आकडा आहे. तुझ्या काचपट्टीवर झिंक ऑक्साइडच आहे हे तुला कुठून कळलं? तू गृहीत धरलंयस, कारण प्रोजेक्टच्या नावात तसं लिहिलंय. सिलारमध्ये काय होतं ते आठव. झिंकच्या क्षारात अमोनिया घालून केलेल्या द्रावणात पट्टी बुडवायची, मग गरम पाण्यात बुडवायची, आणि त्या गरम पाण्यात काचेवर ऑक्साइड तयार व्हायचं. हे पाणी नव्वद अंशांच्या आसपास असलं तर ऑक्साइडकडे गाडी जाते, थंड पडलं तर बराचसा झिंक हायड्रॉक्साइडच बसतो. तू पत्रात ‘गरम पाणी’ एवढंच लिहिलंयस, तापमान नाही. ६० सायकल करायला तास-दोन तास सहज जातात, तेवढ्या वेळात बीकरमधलं पाणी आटतं, तुम्ही वरून गार पाणी घालता, मधे लाईट जाते, चहाला जाता. आणि वर फर्नेस बंद म्हणून अ‍ॅनीलिंगच झालं नाही, म्हणजे त्या हायड्रॉक्साइडला पाणी सोडून ऑक्साइड व्हायची दुसरी संधीसुद्धा मिळाली नाही.

हे डोक्यात ठेवून तुझे दोन्ही ग्राफ परत बघ.

एक्सआरडीतला पसरट उंचवटा हा बहुतेक काचेचा आहे, काच अमॉर्फस (अणूंची ठरीव रचना नसलेली) असते आणि साधारण २० ते ३५ अंशांच्या पट्ट्यात तिचा असा डोंगर दिसतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ३४.४ चं बारीक पीक मात्र कामाचं आहे. कॉपरच्या एक्स-रेवर झिंक ऑक्साइडची पहिली तीन ठळक पीकं ३१.८, ३४.४ आणि ३६.३ अंशांना येतात, त्यातलं मधलं ते शून्य-शून्य-दोन या प्रतलाचं (स्फटिकातल्या अणूंच्या एका थराचं), आणि फिल्ममधले कण उभे वाढले तर बाकीची दबून तेवढंच दिसतं. म्हणजे थोडंसं स्फटिकी झिंक ऑक्साइड तुझ्या फिल्ममध्ये असावं. असावं, आहेच असं नाही, कारण एका पिकावर पैज लावता येत नाही. रिपोर्टमध्येही तसंच लिहायचं, की हे पीक झिंक ऑक्साइडशी जुळतं पण एकट्यावरून ठाम निष्कर्ष काढत नाही. एवढ्या एका वाक्यासाठी चांगला एक्स्टर्नल मान डोलावतो, मी अशा किती व्हायव्हांना (तोंडी परीक्षांना) बसलेय, खरंच सांगते.

आणि ३.९ ईव्ही. ईव्हीवरून वेव्हलेंग्थ काढायला १२४० ला ३.९ ने भाग, ३१८ येतात, म्हणजे ३१८ नॅनोमीटर. आता आपली मायक्रोस्कोपची साधी काचपट्टी ३५० च्या खाली प्रकाश अडवायला लागते आणि ३०० च्या आसपास जवळजवळ सगळा अडवते. मला दाट शंका आहे की तू मोजलेला बँड गॅप काचेचा आहे. टाउक प्लॉट (बँड गॅप काढायचा ग्राफ) काढताना आपण सगळ्यात उंच चढाला सरळ रेष लावतो, आणि तुझ्या ग्राफमध्ये सगळ्यात उंच चढ काचेचा असेल. टाउक प्लॉट बाजूला ठेव आणि मशीनने दिलेली मूळ फाईल उघड, नुसतं अ‍ॅब्सॉर्बन्स आणि वेव्हलेंग्थ, आणि ३६० ते ३८० च्या दरम्यान एखादी बारकी पायरी दिसते का बघ. दिसली तर ते तुझं झिंक ऑक्साइड. नाही दिसली तरी उत्तर मिळालंच की ऑक्साइड फार कमी आहे. आणि एक विचार, यूव्ही घेताना रेफरन्सला कोरी काचपट्टी ठेवली होती का हवाच होती? हवा असेल तर सगळा उलगडा इथेच होतोय.

तेव्हा फसला वगैरे काही नाही, एक धागा सापडलाय आणि तो ओढायला पाच आठवडे भरपूर आहेत.

आता पर्याय काय आहेत तुझ्याकडे ते मोकळेपणाने बघू. एक, सगळ्या फिल्म्स पहिल्यापासून परत करायच्या, नीट तापमान ठेवून. ऐकायला बरोबर वाटतं पण मी आत्ता हे करायला सांगणार नाही, कारण पाच आठवड्यांत बनवणं, एक्सआरडीची नंबर लावून वाट बघणं आणि लिहिणं हे तिन्ही बसत नाही, आणि परत काही बिघडलं तर हातात दोन अर्धवट गोष्टी राहतात. दोन, मुदत वाढवून मागायची. विद्यापीठाच्या तारखा असतात, कॉलेजच्या हातात फारसं नसतं, तरी आजारपण वगैरे खरं कारण असेल तर जरूर विचारावं, तुझ्या बाबतीत ते नाहीये. तीन, जे आहे त्यावरच काम करायचं पण प्रश्न लहान करायचा. मला हा तिसरा पटतो.

प्रश्न लहान करायचा म्हणजे सगळ्यात आधी त्या नावातला ‘गॅस सेन्सर’ काढून टाकायचा. आपल्याकडे प्रोजेक्टच्या नावाला ‘अमुकसाठी’ असं शेपूट लावायची सवय पडलीये, सुपरकपॅसिटरसाठी, सोलर सेलसाठी, सेन्सरसाठी. पेपरात तसं असतं म्हणून आपणही लावतो. गॅस सेन्सिंगला बंद चेंबर लागतो, फिल्मवर नीट कॉन्टॅक्ट लागतात, तापमान धरून ठेवणारा हीटर लागतो, गॅस किती सोडला ते मोजता आलं पाहिजे, हे सगळं एकेक स्वतंत्र काम आहे. बीएस्सीच्या प्रोजेक्टने जगाला नवीन काही द्यायला पाहिजे ही अपेक्षा तुझ्यावर कुणी टाकली मला माहीत नाही, पण ती खाली ठेव. सिलार पद्धतच १९८५ मध्ये निकोलाऊ यांनी मांडली, कोल्हापूरच्या विद्यापीठात अशा रासायनिक पद्धतीच्या फिल्म्सवर कित्येक वर्षं काम झालंय, त्यात तुझ्या तीन काचपट्ट्यांनी भर पडली नाही तर काही बिघडत नाही. तुला एक मोजमाप स्वतः करून त्यावर विश्वास किती ठेवायचा हे सांगता आलं पाहिजे, या टप्प्यावर एवढंच शिकायचं असतं आणि तेही कमी नाही.

मग नवीन प्रश्न असा घे: अ‍ॅनील केल्याने सिलारच्या या फिल्म्समध्ये काय बदलतं? बघ, जी गोष्ट राहून गेली तोच तुझा प्रयोग झाला. प्रत्येक काचपट्टी काचकटरने मधोमध काप (फिल्मच्या बाजूला बोट लागू देऊ नको आणि तुकड्यांना कोपऱ्यात मार्करने नंबर दे, नंतर कुठला कुठला ते काही कळत नाही). अर्धा तुकडा आहे तसा ठेव, अर्धा तापव. फिजिक्सची फर्नेस बंद असेल तर केमिस्ट्रीवाल्यांकडे मफल फर्नेस असतेच, त्यांच्या लॅब असिस्टंट काकांना जाऊन नीट विचार, दुपारनंतर ती बहुधा रिकामी असते. साडेतीनशे ते चारशे अंश, एक तास, आणि थंड होताना दार उघडायचं नाही, फर्नेससोबतच थंड होऊ दे, नाहीतर काच तडकते. साडेचारशेच्या वर जाऊ नको, साधी काच पुढे मऊ पडायला लागते. मग दोन्ही तुकड्यांचं यूव्ही, सोबत एका कोऱ्या काचपट्टीचं यूव्ही. यूव्ही-व्हिजिबल तुमच्याच कॉलेजात किंवा शेजारच्या कॉलेजात मिळून जाईल. एक्सआरडी एकच परवडत असेल तर ६० सायकलच्या तापवलेल्या तुकड्याचं कर, न तापवलेल्याचं तुझ्याकडे आहेच, जोडी झाली.

जाडीचं एक राहिलं. तू लिहिलंयस वजनाच्या फरकावरून जाडी काढली, २.२ मिलिग्रॅम वाढलं, क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर, घनता ५.६, आणि जाडी ३९३ नॅनोमीटर. गणित बरोबर आहे. पण बुडवलेल्या पट्टीवर फिल्म दोन्ही बाजूंना बसते! तू एका बाजूची पुसली नसशील तर एका बाजूची जाडी निम्मी, १९६ च्या आसपास. शिवाय तुमच्या तराजूचं लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.१ मिलिग्रॅम असेल तर दोन रीडिंगच्या फरकात साधारण ०.१४ मिलिग्रॅमची अनिश्चितता येते, २.२ वर ती सहा-सात टक्के होते पण २० सायकलच्या फिल्मचं वजन ०.६ वाढलं असेल तर तीच २३ टक्के होते. आणि फिल्ममध्ये हायड्रॉक्साइड असेल तर ५.६ ही घनताच लागू नाही, हायड्रॉक्साइड बरंच हलकं असतं, म्हणजे खरी जाडी जास्त असणार. हे तिन्ही मुद्दे रिपोर्टमध्ये एका परिच्छेदात लिही. ‘जाडी ३९३ नॅनोमीटर’ असं तीन आकडी ठोकून देण्यापेक्षा ‘एका बाजूची साधारण २०० नॅनोमीटर, घनता ऑक्साइडची धरली तर’ हे कितीतरी जास्त फिजिक्स आहे.

शेररच्या सूत्राने, म्हणजे एक्सआरडीतल्या पिकाच्या रुंदीवरून, कणाचा आकार काढशीलच, तेव्हा पिकाची रुंदी अंशांतून रेडियनमध्ये कर आणि कोसाइनमध्ये ३४.४ नाही, त्याच्या निम्मा १७.२ घाल. हे बारकं वाटतं पण दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या रिपोर्टमध्ये ०.४ नॅनोमीटरचे कण छापून येतात. झिंक ऑक्साइडच्या एका युनिट सेलची उंचीच ०.५२ नॅनोमीटर आहे, मग कण तिच्यापेक्षा लहान कसा असेल! ०.३५ अंश रुंदी असेल तर उत्तर २४ नॅनोमीटरच्या आसपास यायला पाहिजे. कुठलंही उत्तर आलं की ते शक्य तरी आहे का हे आधी बघायचं. आणि मशीन स्वतः थोडी रुंदी वाढवतं हेही लिहायचं. संदर्भ पॅटर्नसाठी विकतचा डेटाबेस नसला तरी क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस फुकट आहे, ग्राफला पायथन नाहीतर साय-डॅव्हिस ही फुकट सॉफ्टवेअर चालतात, विकतचं ओरिजिनच पाहिजे असं काही नाही.

आता सर. तू लिहिलंयस सर वेळ देत नाहीत. असेलही. पण बऱ्याचदा पोरं सरांकडे जातात ती ‘सर, प्रोजेक्ट होत नाहीये’ एवढंच घेऊन, त्यावर सर तरी काय बोलणार, ‘करा करा, होईल’ म्हणतात आणि पुढच्या तासाला जातात. तू एका कागदावर दोन ग्राफ छापून ने आणि तीनच प्रश्न ने: सर, हा ३१८ चा चढ काचेचा वाटतो का? नाव बदलून ‘अ‍ॅनीलिंगचा परिणाम’ असं केलं तर चालेल का? केमिस्ट्रीच्या फर्नेससाठी तुम्ही एक शब्द टाकाल का? दहा मिनिटांचं काम आहे. नाव बदलायला बहुतेक ठिकाणी गाईडची सही पुरते, पण ती आत्ता घे, बाइंडिंगच्या आदल्या दिवशी नको.

ग्रुपमधल्या त्या दोघांबद्दल तू चिडलीयेस आणि ते बरोबरच आहे, पण ते कामचुकार आहेत असं एवढ्यात ठरवू नको. पत्रात तूच लिहिलंयस की एकजण संध्याकाळी दुकानात कामाला जातो. लॅबच्या वेळा तू ठरवल्यास त्या त्याला जमण्यासारख्या होत्या का? कधीकधी तर लॅबचं सगळं एकाच्याच हातात असतं आणि बाकीच्यांना आपण काय करायचं हेच कळत नसतं, मग ते यायचे थांबतात. दोघांना घरी बसून करता येईल असं नेमकं काम दे, एकाला सगळ्या फाइल्सचे ग्राफ, दुसऱ्याला प्रयोगाची कृती लिहायची, तारखेसकट. तरीही नाही केलं तर रिपोर्टच्या सुरुवातीला कुणी काय केलं याचं अर्ध पान जोडायचं आणि त्यात खरं तेच लिहायचं, हे त्यांना आधीच सांगून ठेव. मागाहून तक्रार करण्यापेक्षा हे बरं.

लिहिण्याबद्दल थोडंसंच. प्रस्तावनेपासून सुरू करू नको, तिथे सगळे अडकतात आणि मग इकडून तिकडून उचलतात. आधी ग्राफ लाव, मग प्रत्येक ग्राफखाली काय दिसतं ते चार वाक्यांत लिही, मग कृती, जर्नलमध्ये बघून, आणि जे नोंदवलं नाही ते नोंदवलं नाही असंच लिही, गरम पाण्याचं तापमान मोजलं नव्हतं तर तेच. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, दोन-तीन पानं खूप झाली. चॅटजीपीटीकडून भाषा नीट करून घेतलीस तर मला त्यात काही वाटत नाही, कॉलेजचा नियम मात्र विचारून घे, पण त्याने दिलेला संदर्भ किंवा आकडा स्वतः उघडून बघितल्याशिवाय छापायचा नाही, अस्तित्वात नसलेले पेपर तो फार विश्वासाने सांगतो.

ज्यांच्याकडे फर्नेस नाही, एक्सआरडी तर लांबच, असेही बरेचजण हे वाचत असतील. तुमचंही गणित हेच आहे, लहान प्रश्न आणि नीट मोजमाप. फोनमधल्या सेन्सरवर चालणारं फायफॉक्स हे अ‍ॅप आखेन विद्यापीठातल्या लोकांनी केलंय, फुकट आहे, त्यावर लंबकाचं, घर्षणाचं, आवाजाच्या वेगाचं चांगलं काम होतं. दिल्लीच्या आययूएसी या संशोधन केंद्राने तयार केलेलं एक्सपाइज हे प्रयोगांचं किट कॉलेजला परवडण्यासारखं आहे, कुणाच्या तरी कपाटात धूळ खात पडलेलंही असतं, विचारून बघा. लंबकावरून गुरुत्वत्वरण काढणं हा अकरावीचा प्रयोग वाटतो, पण तो एक टक्क्याच्या आत आणून दाखवा आणि उरलेली चूक झोक्याच्या मोठ्या कोनाची, हवेची की दोरीच्या लांबीची हे वेगळं करून दाखवा, मग बघा व्हायव्हात किती वेळ बोलायला मिळतं ते. सिम्युलेशनवाल्यांनी आधी आपला कोड उत्तर माहीत असलेल्या प्रश्नावर चालवून दाखवायचा, मगच पुढे.

तो सिनियर, त्याच्यावर राग धरू नको, त्याने मदत म्हणूनच दिलंय. पेनड्राइव्ह परत कर आणि त्याला विचार की तुमची फिल्म तापवलेली होती का, किती अंशांना. तो डेटा स्वतःचा म्हणून लावायचा नाही, पण ‘मागच्या वर्षीच्या ग्रुपचा अ‍ॅनील केलेला नमुना, त्यांच्या परवानगीने’ असं स्पष्ट लिहून तुलनेला ठेवलास तर तो तुझ्याच बाजूने साक्ष देतो. सरांना विचारून कर.

राहिला एमएस्सीचा प्रश्न. प्रवेश बहुतेक ठिकाणी जॅम, सीयूईटी किंवा त्या त्या विद्यापीठाच्या परीक्षेवर आणि मार्कांवर होतो, तिथे प्रोजेक्टचं नाव कुणी विचारत नाही. पण जिथे मुलाखत असते तिथे पहिला प्रश्न ‘प्रोजेक्ट काय केलास’ हाच असतो आणि तेव्हा ३१८ नॅनोमीटरची ही गोष्ट तुला पाच मिनिटं न अडखळता सांगता येईल. उन्हाळी प्रोजेक्टसाठी कुठे अर्ज करायचा विचार असेल तर शिफारसपत्र लागतं, ते सरांकडे एप्रिलमध्ये सबमिशन झाल्या झाल्या माग, त्यांना तुझं काम आठवतंय तोवर, आणि सोबत रिपोर्टची एक प्रत दे.